पाहुण्यांच्या जिवावर

यंदा गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पुतण्या माझ्या ओटीवर येऊन बसला. हातात मोबाईल. त्यात एक चित्र. आमचं बांधाखालचं खाचर त्यात होतं, पण ओळखू येत नव्हतं. मधोमध निळा तलाव, चार पांढरे तंबू, कडेला नारळ. आमच्याकडे नारळ नाही. बांधावर दोन साग आणि एक जांभूळ आहे, ती चित्रात नव्हती.

“काका, सही तेवढी पायजे. बाकी सगळं मी बघतो.”

चौदा गुंठ्यांचं खाचर आहे ते. सातबाऱ्यावर त्याचं आणि माझं नाव जोडीने आहे. मी म्हटलं, दसरा होऊ दे, मग बघू. तो उठून गेला. रागावला नव्हता, पण जाताना मागे वळून म्हणाला, “सगळे तेच करतायत काका. आपणच ऱ्हायलोय.”

सगळे तेच करतायत हे खरं आहे. कर्जत स्टेशनातून बाहेर पडून कशेळ्याच्या बाजूला निघालात की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाट्या लागतात. रिव्हर टच. फॉरेस्ट टच. माउंटन व्ह्यू. चुलीवरचं जेवण. रेन डान्स. मी तेहतीस वर्षं या दोन तालुक्यांत, कर्जत आणि खालापुरात, जिल्हा परिषदेच्या शाळांत पोरांना वाचायला शिकवलं. आता सकाळी फिरायला निघतो तेव्हा मला या पाट्याच वाचाव्या लागतात.

ग्रामसभेत कुणी ना कुणी साहेब येतो आणि तेच वाक्य म्हणतो. शेती परवडत नाही, तरुण गावात राहत नाहीत, तेव्हा डोंगरी भागाला पर्यटन हाच उपाय. टाळ्या पडतात. मीही एकदा वाजवल्या आहेत. आज मात्र त्या वाक्याशी माझं भांडण आहे, आणि ते भांडण नीट मांडायचं म्हणून हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आमचं दुखणं काय आहे हेच लोक चुकीचं सांगतात. उत्तराखंडात गावंच्या गावं ओस पडली, घरांत झाडं उगवली, तेव्हा तिथल्या सरकारने २०१७ साली पलायन आयोग नेमला. तिथे जमिनीला गिऱ्हाईक नाही आणि घराला माणूस नाही. आमचं तसं नाही. मुंबईची लोकल आमच्या दारात येऊन थांबते. आमचा माणूस पहाटेची गाडी पकडतो, अंबरनाथ-बदलापूरला, नाहीतर पार ठाण्याला जातो, रात्री परततो किंवा तिकडेच खोली घेतो. कातकरी बांधव दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, ते पाऊस तोंडावर आला की येतात. गावात उरतात म्हातारी माणसं, आणि शाळेत पहिली ते चौथी मिळून एका चटईवर मावतील एवढी पोरं. इथवर उत्तराखंड आणि आम्ही सारखे. पण त्यांच्याकडे माणूस गेला की जमिनीची किंमत जाते. आमच्याकडे माणूस गेला की जमिनीची किंमत वाढते. आमचा डोंगर ओस पडत नाहीये हो, भरतोय. शुक्रवारी संध्याकाळी या आणि खांडसच्या रस्त्यावर गाड्या मोजा. भरतोय, फक्त आमच्या माणसांनी नाही.

आता ज्यांना वाटतं की पर्यटन ही काही नवी जडीबुटी आहे, त्यांनी जरा माथेरानकडे बघावं. माथेरान आमच्याच तालुक्यात आहे. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तो डोंगर चढून गेला आणि साहेबलोकांना हवा आवडली. १९०७ साली आदमजी पीरभॉयच्या पैशाने नेरळहून गाडी वर गेली. म्हणजे या तालुक्याने पर्यटनाचं औषध पावणेदोनशे वर्षं घेतलेलं आहे. एवढ्या वर्षांत गुण यायला हवा होता की नाही? माथेरानच्याच उतारावर ठाकरांच्या वाड्या आहेत. मी तिथल्या एका वाडीत तीन वर्षं मास्तर होतो. पोरांच्या आया पहाटे डोक्यावर भाजीची, जांभळांची, सरपणाची पाटी घेऊन वर चढायच्या आणि दुपारी उतरायच्या. बाप वर ओझी वाहायचे. वाडीतला माणूस आजारी पडला तर झोळी करून खाली आणायचे, कारण वाडीला रस्ता नव्हता. या वाड्यांची रस्त्याची मागणी किती जुनी आहे हे वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला ठाऊक असेल. वर हॉटेलं, खाली झोळी, आणि मध्ये फक्त डोक्यावरची पाटी.

तिथल्या हातरिक्षांचं तर सांगायलाच नको. माथेरानात मोटारींना बंदी आहे, ती मला मान्यच आहे, डोंगर त्यानेच वाचला. पण माणसाने माणसाला बसवून ओढत न्यायचं हे २०२५ पर्यंत चालू राहिलं. शेवटी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सहा महिन्यांत हे थांबवा आणि त्या माणसांना ई-रिक्षा द्या. मी रिक्षावाल्यांना दोष देत नाही. त्यांच्या घामाचा तो पैसा होता. मी एवढंच विचारतो की पावणेदोनशे वर्षांच्या पर्यटनाने त्यांच्या हातात रिक्षाच्या दांडीशिवाय दुसरं काही का दिलं नाही?

त्याच माथेरानात १९१२ साली भाई कोतवाल जन्मले. नाभिकाच्या घरातला मुलगा, शिकून वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाला. वरची चैन त्यांनी जन्मापासून पाहिली होती. खालचा शेतकरी सावकाराच्या कणगीत अडकला आहे हेही पाहिलं. त्यांनी त्या शेतकऱ्याला, वर ये, साहेबाच्या बॅगा उचल, असं सांगितलं नाही. त्यांनी खाली उतरून धान्यकोठ्या काढल्या, शाळा काढल्या. पुढे १९४३ च्या २ जानेवारीला सिद्धगडावर ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले, ते सर्वांना माहीत आहे. दरवर्षी आम्ही मशाली घेऊन जातो, फुलं वाहतो. धान्यकोठीचं नाव मात्र भाषणात कुणी काढत नाही.

माझं म्हणणं असं नाही की येणाऱ्याजाणाऱ्याच्या जिवावर जगणं वाईट. कर्जतचं स्टेशन काय आहे? घाट चढायला गाडीला मागून इंजिनं लावायची, बँकर, म्हणून गाडी कर्जतला थांबायची, आणि ती थांबायची म्हणून वडापाव खपायचा. आख्ख्या महाराष्ट्राला कर्जतचा वडा माहीत झाला तो दोन मिनिटांच्या थांब्यावर. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांचे बाप फलाटावर टोपली घेऊन उभे राहिलेले आहेत. पण वडा विकणाऱ्याला कुणी असं म्हटलं नव्हतं की बाबा, आधी तुझं खाचर लिहून दे, मग वडा वीक.

इथे मला माझं पाप सांगितलं पाहिजे, नाहीतर मी हे लिहायला लायक नाही.

२००६ साली मी दीड एकर वरकस जमीन विकली. डोंगराकडेची, खडकाळ, पूर्वी नाचणी-वरी व्हायची, नंतर गुरं चरायची. मुलीचं लग्न होतं आणि घराचं कौल बदलायचं होतं. त्या दोन-तीन वर्षांत एजंट मोटारसायकलवरून गावोगाव फिरत होते. कायद्याने शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, आणि मुंबईत एवढे शेतकरी राहतात हे मला तेव्हाच कळलं. भाव ऐकून आम्हा भावांचे डोळे फिरले. ज्या जमिनीवर वर्षाला चार पायल्या नाचणी होत नव्हती तिच्यासाठी माणूस रोख पैसे घेऊन ओटीवर बसला होता. दिली.

पुढच्या उन्हाळ्यात तिथे दगडी कुंपण आलं. कुंपणाच्या आत आमची पाणवठ्याची वाट गेली. ती वाट सातबाऱ्यावर नव्हती, नकाशावर नव्हती, ती फक्त पायाखाली होती. शेजारच्या वहिनीला हंडा घेऊन फेरा पडायला लागला तेव्हा ती मला काही बोलली नाही, पण जाताना माझ्या ओटीकडे बघायची. मग आतमध्ये बोअर मारली, हिरवळ लावली, पोहायचा तलाव बांधला. आमची विहीर पूर्वी वैशाखात तळाला जायची, आता चैत्रातच जाते. बोअरमुळेच असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पाऊस हल्ली कसाही पडतो, जंगलही राहिलं नाही. पण एप्रिलमध्ये आमच्या बायका टँकरमागे धावतात आणि कुंपणापलीकडून पोरांच्या पाण्यात उड्या मारण्याचा आवाज येतो, हे दोन्ही एकाच वेळी ऐकू येतं. याला पर्यटनविकास म्हणायचं असेल तर म्हणा.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण माझ्या मते सगळी गोम इथे आहे. घाटावर मावळात टाटांचं ठोकरवाडीचं धरण आहे. त्याचं पाणी १९२२ पासून भिवपुरीच्या वीजघरात पडतं, वीज मुंबईला जाते आणि पाणी पेज नदीत उतरतं. त्या पाण्यावर राजनाला कालवा चालतो. म्हणून कर्जत तालुक्याच्या एका पट्ट्यात मे महिन्यात हिरवंगार भात उभं असतं. कोकणात उन्हाळी भात! बाहेरचा माणूस बघून चकित होतो. खालापुराकडेही तसंच. खोपोलीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी पाताळगंगेला बारमाही करतं. हा काही आमच्यासाठी केलेला उपकार नव्हता, विजेचं उरलेलं पाणी होतं. पण त्या उरलेल्या पाण्याने जे केलं ते कुठल्याही रिसॉर्टने केलेलं नाही. ज्या गावात राजनाला पोचला तिथला माणूस वर्षात दोन पिकं काढतो, जमीन विकताना दोनदा विचार करतो. तिथेही विकल्या जातात, नाही असं नाही. पण आमच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याला, जिथे सगळ्यात जास्त पाऊस कोसळतो आणि कालवा पोचत नाही, तिथे माणूस एक पीक काढून रिकामा बसतो. दिवाळीनंतर खाचराच्या ओलीवर वाल टाकला तर तेवढाच. मग एजंट येतो. साहेब, तुम्ही म्हणता शेती परवडत नाही. पाण्याशिवाय कुणाची परवडते? कर्जतच्या भात संशोधन केंद्राने कर्जत-३ दिलं, कर्जत-१८४ दिलं, देशभर त्यांचं नाव झालं. बियाण्याला नाव आहे, त्याच्या गावाला पाणी नाही.

आता रोजगाराचं बघू, कारण पुतण्याचा आणि साहेबांचा मोठा मुद्दा तोच.

माझी एक विद्यार्थिनी, आता दोन लेकरांची आई, एका मोठ्या रिसॉर्टात खोल्या झाडायला जाते. ती सांगते, “गुरुजी, पगार वेळेवर मिळतो. उगा खोटं का बोलू? भट्टीवर जाण्यापरास बरं.” तिचं म्हणणं मी कागदावर जसंच्या तसं ठेवतो, कारण माझ्या तक्रारींपेक्षा त्याचं वजन जास्त आहे. पण मी विचारलं, स्वैपाकी कोण? बाहेरगावचा. मॅनेजर? बाहेरचा. गावचे कोण कोण? झाडू, बाग आणि गेट. मी त्या मॅनेजरलाही एकदा विचारलं होतं. तो सरळ माणूस होता, म्हणाला, लोकल पोरं गणपतीला सुट्टी घेतात, शिमग्याला घेतात, लावणीला घेतात, आणि नेमकी तेव्हाच आमची गर्दी. त्याचंही खरंच आहे. आमचं वर्ष आणि त्याचं वर्ष जुळत नाही. पण मग गावाला उपाय म्हणून हे आणलं असं का सांगता? ज्या धंद्याला आमचा गणपती अडचणीचा वाटतो तो धंदा आमच्यासाठी नाही, आमच्या जागेसाठी आलेला आहे.

आणि तांदूळ! एवढी भाताची कोठारं आजूबाजूला, आणि तिथल्या ताटात पडतो तो मुंबईच्या घाऊक बाजारातून आलेला लांब दाण्याचा. आमचा तांदूळ भात खरेदी केंद्रावर रांगेत उभा. भाजी वाशीहून येते, कोंबडी टेम्पोतून येते. केरळात कुमरकोमला पंधरा-सतरा वर्षांपूर्वी एक गोष्ट करून दाखवली. हॉटेलांनी भाजी, अंडी, नारळ गावातल्या बायकांच्या गटांकडूनच घ्यायचा असं तिथल्या पंचायतीने आणि सरकारने मध्ये पडून जमवलं. तिथेही कुरबुरी झाल्या, पण खरेदीचा रस्ता गावातून गेला. आमच्याकडे पोपटीसुद्धा पॅकेजमध्ये गेली. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं, थंडीतली रात्र, सगळं आमचं, आणि मडकं लावणारा पोरगा तेवढा रोजावर.

पावसाळ्याचं वेगळं आहे. जून-जुलैत धबधब्यांवर पोरांचे लोंढे येतात. भिवपुरीजवळचा आषाणेचा धबधबा, सोलनपाड्याचं धरण, खोपोलीचा झेनिथ. कुणी दारू पिऊन पाण्यात उतरतो, कुणी फोटोसाठी. मग बुडतो. बाहेर कोण काढतो? गावची पोरं. त्यांना ना दोर, ना पैसा, ना नाव. मग प्रशासन बंदीचा हुकूम काढतं आणि पोलीस रस्ता अडवतात. मी त्या बंदीच्या बाजूने होतो. एका ओळखीच्या ठाकर बाईसमोर मी तसं बोललो. ती तिथे मक्याची कणसं आणि शेंगा विकते, जूनच्या सुरुवातीला शेवळं, नंतर कंटोळी, भारंगी.

“गुरुजी, तुमी बोला. तुमाला काय? माझं वरसाचं मीठ-मिरची त्या दोन महिन्यांत निघतं. मरनारा मरतो ती ममईची पोरं, आन् बंदी कोनाला? आमाला. रिसॉटात धबधबा बांधलाय ना नळाचा, तो कुठं बंद करतात?”

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही देता येत नाही. एका पोराचा जीव आणि एका बाईचं वर्ष, यात मी जीवच निवडीन, पण निवडताना बाईच्या टोपलीचं काय करायचं ते हुकमात कुठेच लिहिलेलं नसतं, हे तिने मला दाखवलं. चार जीवरक्षक गावातूनच नेमा, त्यांना पगार द्या, दारू तपासा, उतरायची जागा आखा, टोपलीवाल्यांना एक ओळ जागा द्या. यात अवघड काय आहे? पण त्यात कुणाचा प्लॉट विकला जात नाही.

आता इर्शाळवाडी. हे लिहायचं मी टाळत होतो.

मी चौकच्या बाजूला नोकरीत असताना २००१ च्या जनगणनेच्या कामाला ती वाट चढलो होतो. तास-दीड तासाची चढण. वर इर्शाळगडाचं नेढं, त्याच्या कुशीत ठाकरांची वाडी. एका घरात मला कोरा चहा आणि भाजलेल्या आठळ्या मिळाल्या. ट्रेकर मंडळींना ती वाडी चांगली ठाऊक होती. वाडीतूनच वाट जायची, कुणाच्या ओट्यावर पाणी, कुणाकडे नाश्ता. फोटो तर किती निघाले असतील! २०२३ च्या १९ जुलैच्या रात्री डोंगर खाली आला. सव्वादोनशेच्या आसपास वस्तीची वाडी. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत, २३ तारखेला शोध थांबवला. मशीन वर नेता येईना, माणसं हाताने, फावड्याने माती उपसत होती, कारण रस्ताच नव्हता. काही लेकरं वाचली ती आश्रमशाळेत होती म्हणून. विधानसभेत सांगितलं गेलं की दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती.

यादीत नव्हती. ट्रेकिंगच्या प्रत्येक यादीत होती.

दरड पर्यटनामुळे कोसळली असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं मूर्खपणा होईल. माळीण २०१४ मध्ये गेलं, तळिये २०२१ मध्ये, तिथे कोण पर्यटक जात होते? मला एवढंच म्हणायचं आहे की हजारो लोकांनी ते गाव पाहिलं, आणि पाहणं म्हणजे काळजी घेणं नव्हे. इतक्या वर्षांच्या येण्याजाण्याने वाडीला ना रस्ता दिला, ना खाली सुरक्षित जागा, ना वेळेवर भूगर्भवाला. तिथल्या लोकांना जागा मिळाली ती माणसं गाडली गेल्यावर. पर्यटनाने गाव उजेडात येतं असं म्हणणाऱ्या साहेबाने ही गोष्ट एकदा मनातल्या मनात म्हणून पाहावी.

खालापुराला उपायांची सवयच आहे म्हणा. आधी कारखाने हा उपाय होता, खोपोली त्यावर उभी राहिली आणि निम्मे कारखाने बंद पडताना आम्ही पाहिले. मग २००२ ला एक्स्प्रेस वे पूर्ण झाला, तो उपाय होता. २०१३ ला इमॅजिका आलं, तोही उपाय. आता पनवेल-कर्जत लोकल होते आहे, पाट्यांवर तिचं नाव आधीच लागलंय. प्रत्येक उपाय जमिनीतून सुरू होतो, हे मात्र कुणी बदललेलं नाही.

मग चांगलं काहीच नाही का? आहे. कोथळीगडाच्या पायथ्याच्या पेठ गावात जा. आंबिवलीतून चढून गेलात की घरोघरी जेवण मिळतं. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. घर त्यांचं, चूल त्यांची, वाढणारी घरधनीण. घाटावरच्या राजमाचीतही तेच. पाहुणा त्यांच्या ओटीवर झोपतो, त्यांच्या वेळेला उठतो, लावणी असेल तर चिखलात उतरतो. तिथे कुणी खाचराचा तलाव केला नाही. पाहुणा गेला तरी गाव गावच राहतं, आणि पाहुणा नाही आला तर घरात भात असतो. लॉकडाऊनच्या दोन वर्षांत ज्यांनी खाचर राखलं होतं ते जेवले आणि ज्यांनी सगळं तंबूंत घातलं होतं ते मित्रांकडे उसने मागत होते, हे पुतण्याला आठवत असेल. त्याच्याच मित्राने त्याच्याकडे मागितले होते.

सरकारचंही कृषी पर्यटन धोरण आहे, २०२० चं. मी ते आणून वाचलं. वाईट नाही. शेतकऱ्याने शेती करता करता पाहुणे ठेवावेत, त्याची नोंद व्हावी. पण अट आहे किमान एक एकराची. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. माझ्या पुतण्याकडे चौदा गुंठे, तेही माझ्यासोबत. ठाकर-कातकऱ्यांकडे दळी जमीन, तिचे कागद २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरही कितीकांचे अडकलेले. मग एक एकर सलग कुणाकडे आहे? ज्याने २००६ साली माझ्याकडून दीड एकर घेतली त्याच्याकडे. उद्या तो कृषी पर्यटन केंद्राची पाटी लावील आणि मी, ज्याने उभा जन्म चिखलात काढला, त्याच्या गेटवर मुलांना भात कसं लावतात ते दाखवायला रोजावर उभा राहीन.

हे सगळं मी दसऱ्याला पुतण्याला सांगितलं. एवढं नीट नाही, भांडत भांडतच. त्याने सगळं ऐकलं आणि एकच वाक्य बोलला.

“काका, तुमाला पेन्शन हाय.”

यावर मी गप्प बसलो. माझं भाताचं प्रेम दर महिन्याला बँकेत जमा होतं, हे त्याने बरोबर ओळखलं. त्याला दोन पोरं आहेत, धाकटीला दम्याचं औषध लागतं, ट्रॅक्टरचा हप्ता आहे. चौदा गुंठ्यांचं भात त्याचा एक हप्ताही भागवत नाही. त्याला राहायचं आहे गावात, ही त्याची चूक आहे का? त्याच्या पिढीतले बाकीचे बदलापूरला खोल्या घेऊन बसले. हा एकटा इथे राहायला वाट शोधतो आहे, आणि मी त्याला वाटेत भाई कोतवाल आणि कुमरकोम सांगत बसलोय.

तरी मी सही केलेली नाही. मी त्याला सांगितलं, जुनं घर घे. ओटी, पडवी, माळा, सगळं. कौलं मी बदलून देतो, संडास-न्हाणीघराचा खर्च माझ्या पेन्शनीतून. तिथे पाहुणे ठेव, तुझ्या बायकोच्या हातची भाकरी आहे, आपल्या खाचराचा तांदूळ आहे. खाचर तेवढं मोडू नको, एकदा मुरूम पडला की ते परत खाचर होत नाही. तो म्हणाला, तलाव नसेल तर कुणी येत नाही काका, पहिला प्रश्न तोच विचारतात. बघू, असं म्हणून गेला. कागद कपाटात रेशनकार्डाखाली आहे.

गेल्या आठवड्यात कापणी काढली. माणसं मिळेनात, म्हणून तो, त्याची बायको, मी आणि ती ठाकर बाई असे चौघेच. मधल्या सुट्टीत त्याने उभ्या भाताचा फोटो काढून मोबाईलवर टाकला, त्याची सवयच आहे. संध्याकाळी भारे खळ्यावर रचत होतो तेव्हा हसत हसत माझ्याकडे आला. म्हणाला, “काका, डोंबिवलीचे तिघं विचारतायत, कापायला येऊ का म्हणून. पैसे देतो म्हणतात.”

मी म्हटलं, “विचार त्यांना, विळा धरता येतो का. आणि सांग, आंघोळ विहिरीवर.”